निखारे वर किती, खाली किती? डच ओव्हनबद्दल वाचकांचे प्रश्न

डच ओव्हनविषयी आलेल्या पत्रांत एकाच नावाने दोन वेगळी भांडी येतात. पहिलं कॅम्पचं: तीन पाय, उचलायला कडी, आणि झाकणाला उभी कड, म्हणजे वर ठेवलेले निखारे घसरत नाहीत. दुसरं घरचं: सपाट बूड, घुमटी झाकण, आणि बहुतेक वेळा आतून-बाहेरून इनॅमल. दोन्ही बिडाचीच. बीड सावकाश तापतं आणि तापल्यावर सावकाश निवतं. आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच या स्वभावामुळे उद्भवलेल्या आहेत.

प्रश्न: तीन पायांचा १२ इंची डच ओव्हन घेतला. खाली १२ आणि वर १२ ब्रिकेट (कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या) ठेवून केक केला. खालून पार करपला, वरून चिकट राहिला. ब्रिकेट कमी पडल्या की जास्त झाल्या? (एक वाचक, नाशिक)

एकूण २४ ब्रिकेट बरोबरच होत्या, वाटणी चुकली. केकचं पीठ बुडाला टेकलेलं असतं, त्यामुळे खालची उष्णता त्याला थेट पोचते. झाकण आणि केक यांच्यात मात्र हवेची पोकळी असते. तेवढीच भाजणी वरून हवी असेल तर वर जास्त निखारे लागतात.

हिशेब सोपा आहे. भांड्याचा व्यास जितके इंच, त्यात ३ मिळवून तेवढ्या ब्रिकेट वर ठेवायच्या आणि ३ वजा करून तेवढ्या खाली. १२ इंचीला वर १५, खाली ९. १० इंचीला वर १३, खाली ७. यात आतलं तापमान साधारण १६५ ते १७५ अंश सेल्सिअस राहतं. वर एक आणि खाली एक अशी जोडी वाढवली की सुमारे १५ अंश वाढतात. केक, पाव, नानकटाई यांसाठी आम्ही १२ इंचीला वर १६ आणि खाली ८ सुचवू. रस्सा, उसळ, खिचडी असेल तर गणित फिरतं: उकळी खालून यायला हवी, म्हणून खाली निम्म्याहून थोडे जास्त ठेवा. तळणासाठी सगळे खालीच.

मांडणीही तितकीच महत्त्वाची. खालच्या ब्रिकेट भांड्याच्या काठापासून बोटभर आत गोलाकार लावा आणि मधला भाग मोकळा सोडा. मधोमध ढीग केला की केकच्या पोटात काळा डाग पडणारच. वरच्या ब्रिकेट झाकणाच्या कडेने लावून दोन-तीन मध्ये, कडीच्या आजूबाजूला. दर १० ते १५ मिनिटांनी आख्खं भांडं पाव फेरा एका दिशेने फिरवा आणि झाकण पाव फेरा उलट दिशेने. असं केलं की एखादा जास्त पेटलेला निखारा एकाच जागी भाजत बसत नाही.

जमीन मऊ असेल तर पाय रुततात, बूड निखाऱ्यांना टेकतं आणि त्या जागी करपतं. ओली जमीन उष्णता शोषून घेते, ते वेगळंच. दोन्हींवर उपाय एकच: खाली लोखंडी परात किंवा जाड पत्रा ठेवा. वारा असेल तर निखारे भराभर जळतात. सुरुवातीला जास्त गरम होतं आणि अर्ध्या तासातच आच उतरते. म्हणून वाऱ्याच्या बाजूने दगडांचा किंवा पत्र्याचा आडोसा करा.

झाकण उचलताना ते सपाट धरा. जरा कललं की राख थेट केकवर. उचलण्याआधी कडेची राख जुन्या ब्रशने झाडली तर आणखी बरं. आणि केक होतोय का हे बघायला पहिली २५ मिनिटं झाकण उघडूच नका.

प्रश्न: आमच्याकडे ब्रिकेट सहज मिळत नाहीत. शेगडीचा लाकडी कोळसा चालेल का? तो मोजायचा कसा? (एक वाचक, ठाणे)

चालतो. वरचा हिशेब अमेरिकेत मिळणाऱ्या, उशीच्या आकाराच्या ब्रिकेटवरून बसवलेला आहे. तशी एक ब्रिकेट २५ ग्रॅमच्या आसपास भरते. त्यामुळे मोजण्याऐवजी वजनाने धरा: १२ इंची भांड्याला वर पावणेचारशे ग्रॅम, खाली सव्वादोनशे. कोळसा अंड्याएवढ्या तुकड्यांत फोडून घ्या. मोठे गोळे आणि चुरा एकत्र पेटवले तर चुरा जळून जातो आणि गोळे अर्धे कच्चे राहतात.

लाकडी कोळसा ब्रिकेटपेक्षा कडक पेटतो आणि लवकर संपतो. ब्रिकेट पाऊण तास ते तासभर नीट आच देतात. कोळसा बहुतेक वेळा त्याआधीच बसतो. म्हणून सुरुवातीला थोडा कमी घ्या आणि बाजूला दुसरा घाणा पेटत ठेवा. पेटवल्यापासून कडा राखाडी व्हायला १५ ते २० मिनिटं लागतात, तेवढं आधीच धरून चला. नारळाच्या करवंटीच्या ब्रिकेट मिळाल्या तर त्या जास्त टिकतात, मात्र त्यांचे चौकोनी तुकडे लहान असतात. तिथेही वजनच बघा. रॉकेल टाकून पेटवू नका, वास अन्नात उतरतो. जुन्या डब्याला तळाशी आणि कडेला भोकं पाडून, खाली कागद पेटवून कोळसा त्यात उभा रचला की आपोआप वर ओढ लागते. डबा जस्ताचा मुलामा दिलेला नको.

खात्री करायची असेल तर बेकरीवाले वापरतात तसा तबकडीचा ओव्हन थर्मामीटर रिकाम्या भांड्यात ठेवून एकदा बघा. आपल्या कोळशाची ताकद एकदा कळली की पुढे अंदाज चुकत नाही.

प्रश्न: नवं भांडं मुरवण्यासाठी खोबरेल तेल चांगलं चोपडून गॅसवर तापवलं. आता आतून चिकट झालंय, बोटाला ओढतं. (एक वाचक, सातारा)

दोन गोष्टी झाल्या. तेल जास्त लागलं आणि तेल चुकीचं निवडलं. मुरवणं म्हणजे तेलाचा पातळ थर उष्णतेने पक्का करून बिडावर बसवणं. ज्या तेलात असंतृप्त घटक जास्त, ते लवकर घट्ट धरतं. खोबरेल जवळजवळ सगळं संतृप्त, ते नुसतंच तापून चिकट राहतं. जवसाचं तेल कडक थर देतं, पण तो थर ठिसूळ असतो आणि काही दिवसांनी पापुद्रे सुटतात. पेंटच्या दुकानातलं अळशीचं तेल तर मुळीच नको, त्यात वाळवणारी धातूंची संयुगं मिसळलेली असतात. आपल्याकडे सर्वांत सोयीचं करडईचं किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड तेल.

आधी आहे तेच भांडं तासभर चांगलं तापवून बघा. पातळ चिकटपणा असेल तर तेवढ्याने सुकतो. नाही सुकला तर गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि तारेची घासणी घेऊन थर काढून टाका. साबणाने बीड बिघडत नाही. कॉस्टिक सोड्याने मात्र सगळा थर निघून जातो.

मग पाच मिनिटं आचेवर ठेवून पूर्ण कोरडं करा. भांडं हाताला सोसेल इतकं गरम असताना अर्धा चमचा तेल घेऊन आतून, बाहेरून, झाकणाला, पायांना लावा. त्यानंतर कोरड्या सुती फडक्याने असं पुसा, जणू तेल चुकून लागलंय आणि ते सगळं काढायचंय. पुसूनही जे उरतं, तेवढंच हवं. भांडं पालथं ठेवून तापवा, म्हणजे ओघळ तळात साचत नाहीत. तापमान २३० अंशांच्या पुढे आणि वेळ एक तास. धूर येऊन थांबला की काम होत आलं असं समजा. असे तीन-चार हात द्या, प्रत्येक हातानंतर भांडं निवू द्या.

अडचण अशी की १२ इंची भांडं घरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) मावत नाही आणि गॅसवर फक्त बूड तापतं, बाजू कच्च्या राहतात. त्यावर सोय: अंगणात शेगडीत निखारे करा, भोवती तीन विटा, विटांवर भांडं पालथं आणि वरून पत्र्याचा मोठा डबा उपडा. आत भट्टीसारखी उष्णता कोंडते. गच्चीवर करत असाल तर फरशीवर आधी विटा अंथरा, नाहीतर फरशी तडकते.

पहिला महिनाभर त्यात पुऱ्या, भजी, कांदा परतणं असलं तेलकट काम करा. आमटी नंतर.

प्रश्न: पावसाळ्यात झाकण लावून ठेवलेल्या डच ओव्हनला आतून गंज चढला. भांडं टाकून द्यावं का? (एक वाचक, रत्नागिरी)

मुळीच नको. नुसती नारिंगी झाक असेल तर जाड मीठ, थोडं तेल आणि नारळाची शेंडी घेऊन घासा, निघून जाईल. खरखरीत गंज असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन त्यात बुडवा, पण अर्ध्या तासाहून जास्त नाही. दर दहा मिनिटांनी बघत राहा. गंज संपला की आम्ल बिडालाच खायला लागतं. बाहेर काढून खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि त्याच क्षणी आचेवर ठेवा. ओलं बीड हवेत राहिलं तर डोळ्यांदेखत पुन्हा पिवळं पडतं. मग वर सांगितल्याप्रमाणे मुरवा.

कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत झाकण घट्ट लावून ठेवायचंच नाही. काठावर वर्तमानपत्राची घडी ठेवून झाकण तिरकं टेकवा, आतही कागदाचा बोळा टाका. ठेवताना तेल लावायचं ते नावापुरतं. जाड तेल दोन महिन्यांत खवट होतं आणि पुढच्या स्वयंपाकाला त्याचा वास लागतो.

जुन्या बाजारातून बिडाचं भांडं घेत असाल तर कडीला धरून अधांतरी उचला आणि बोटाच्या पेराने ठोका. घंटेसारखा नाद आला तर भांडं सलग आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर गेलेली असते. गंज निघतो, चिरेला घरी उपाय नाही. तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतलं की अशा चिरा जातात.

प्रश्न: तवसाळं पूर्वी पातेल्यावर निखारे ठेवून करत. ते डच ओव्हनमध्ये जमेल का? आणि बेबिंक? (एक वाचक, पेडणे)

तवसाळं, म्हणजे तवशाचा (मोठ्या काकडीचा) केक, या भांड्यात फार सुरेख होतं. खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ही रीत आपल्याकडे आधीपासूनच आहे. डच ओव्हनला झाकणाची कड आणि पाय असल्याने तीच रीत जास्त नेमकी होते.

१० इंची भांड्याला: तांदळाचा जाड रवा ३ वाट्या, मोठ्या पिकल्या तवशाचा किस ६ वाट्या (सुटलेल्या पाण्यासकट), चिरलेला गूळ अडीच वाट्या, ओलं खोबरं दीड वाटी, तूप ४ चमचे, मीठ, वेलची. तवशाचं टोक चाखून बघा, कडू निघालं तर अख्खं काम वाया जातं. रवा दोन चमचे तुपात गुलाबी भाजा. किस आणि गूळ एकत्र उकळा, गूळ विरघळला की रवा वैरा, खोबरं-मीठ घाला, पाच मिनिटं वाफ काढा. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा घट्ट असावं. फार कोरडं वाटलं तर नारळाचं दूध अर्धी वाटी घाला.

भांड्याच्या तळाला केळीचं किंवा हळदीचं पान अंथरून उरलेलं तूप लावा आणि मिश्रण थापा. थर तीन-चार सेंटीमीटर होतो. खाली ६, वर १३ ब्रिकेट. साधारण ४५ मिनिटं. शेवटच्या दहा मिनिटांत खालच्या ब्रिकेट काढून टाका, कारण गूळ बुडाला लगेच लागतो आणि तापलेलं बीड स्वतःच तेवढं भाजत राहतं. कडा सुटल्या आणि सुरी कोरडी आली की उतरवा. गरम असताना कापू नका, भुगा होतो. पूर्ण निवलं की वड्या स्वच्छ पडतात.

बेबिंकला, म्हणजे गोव्याच्या थराथरांच्या गोड पदार्थाला, १० इंची भांडं रुंद पडतं. आत एक धातूचं कडं ठेवून त्यावर १८ ते २० सेंटीमीटरचा केकचा डबा ठेवा. पहिला थर वरखाली विस्तवावर भाजा. त्यानंतर खाली दोन-तीनच निखारे भांडं गरम राहण्यापुरते, भाजणी सगळी वरून. प्रत्येक थर तपकिरी झाल्यावरच त्यावर चमचाभर तूप आणि पुढचा थर. झाकण प्रत्येक थराला उघडायचं असल्याने उष्णता उतरते, म्हणून वर नेहमीपेक्षा तीन-चार ब्रिकेट जास्त घ्या.

प्रश्न: हरिश्चंद्रगडावर तंबूत मुक्काम करून डच ओव्हनमध्ये चिकन करायचं आहे. पाऊस असेल तर तंबूच्या आत शेगडी ठेवली तर? (एक वाचक, पुणे)

दोन्हींना आमचं उत्तर ठामपणे ‘नाही’ असंच आहे.

हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात येतो. राखीव वनात आग पेटवण्यावर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने आणि अभयारण्यात आग लावण्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने बंदी आहे. शिवाय १२ इंची भांडं एकटंच नऊ किलोच्या आसपास भरतं. ते गाडी जाते तिथवर न्यायचं भांडं आहे: खासगी कॅम्पसाइट, शेत, स्वतःचं अंगण, जिथे मालकाची परवानगी आहे आणि पाणी हाताशी आहे.

तंबूत निखारे नेणं जिवावर बेततं. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. विझत आलेल्या, धूर न देणाऱ्या निखाऱ्यांतूनही तो येतच राहतो आणि झोपेत माणसाला काही कळत नाही. जेवण झाल्यावर ऊब राहावी म्हणून गरम भांडं निखाऱ्यांसकट तंबूत ओढून घेणंही तितकंच घातक. पावसात बाहेर चारही बाजूंनी मोकळ्या ताडपत्रीखाली शिजवा. शेवटी निखारे पत्र्यात गोळा करून पाण्याने पूर्ण विझवा आणि हात लावून गार झाल्याची खात्री करा. हे पाणी भांड्यावर मात्र पडू देऊ नका.

प्रश्न: इथे सगळे डच ओव्हन एकावर एक रचतात. मटकीची उसळ आणि नानकटाई एकाच वेळी करता येईल का? (एक वाचक, सॉल्ट लेक सिटी)

तुमच्या युटा राज्याने १९९७ मध्ये डच ओव्हनला राज्याचं अधिकृत स्वयंपाकाचं भांडं ठरवलं, तेव्हा तुम्ही योग्य गावात आहात.

रचताना खालच्या भांड्याच्या झाकणावरचे निखारे हेच वरच्या भांड्याचे खालचे निखारे होतात. खाली केक ठेवला तर त्याच्या झाकणावर १५ हवेत, पण वरच्या १० इंचीला खालून ७ च पुरतात. वरचं करपणार. तुमची जोडी म्हणूनच चांगली आहे. उसळीला झाकणावर फार निखारे लागत नाहीत. खालच्या १२ इंचीत उसळ, तिच्याखाली १२ आणि झाकणावर ८. त्यावर १० इंची, त्याच्या झाकणावर १३. नानकटाई थेट बुडावर ठेवू नका. आत जाळी आणि तिच्यावर पातळ ताटली ठेवा. १५ ते १८ मिनिटांत होते. एका खेपेत आठ-नऊच मावतील.

उसळ उघडायची म्हणजे वरचं भांडं उतरवावं लागतं. म्हणून फोडणी, मसाला परतणं आधी उरका, उकळी आल्यावरच वरचं भांडं चढवा. आमसूल किंवा चिंच शेवटी, वाढायच्या भांड्यात. आगीचे निर्बंध जाहीर झाले असतील तर कोळसाही त्यात येतो असं धरून पार्कच्या सूचना बघा.

प्रश्न: घरच्या रोजच्या वापराला साधं बीड घ्यावं की इनॅमलचं? (एक वाचक, दादर)

आंबट खाणारं घर असेल तर इनॅमल. साध्या बिडात टोमॅटो, चिंच, आमसूल अर्धा तास उकळलं की मुरवलेला थर सुटतो, रस्सा काळपट होतो आणि जिभेला लोखंड लागतं. केळफूल, वांगं, कच्ची केळी त्यांतल्या टॅनिनमुळे काळी पडतात. अपायकारक नाही, पण दिसायला वाईट. इनॅमलचं भांडं रिकामं मोठ्या आचेवर तापवू नका आणि कॅम्पवर निखाऱ्यांत ठेवू नका. बीड आणि काचेचा थर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि थर टवके होऊन उडतो. इंडक्शनवर दोन्ही चालतात, फक्त बूड सपाट हवं आणि पहिली पाच मिनिटं आच मंद.

प्रश्न: इनॅमलच्या डच ओव्हनमध्ये पाव भाजते. बूड करपतं आणि आतला गर ओलसर राहतो. ओटीजी ४५ लिटरचा आहे. (एक वाचक, कोथरूड)

ओटीजीत खालची कॉइल भांड्याच्या फार जवळ येते. जाळी एक खाच वर घ्या आणि तिच्याखालच्या खाचेत रिकामा पत्रा सरकवा, थेट झळ अडते. झाकणाची मूठ आणि वरची कॉइल यांत दोन-तीन सेंटीमीटर अंतर उरलंच पाहिजे. मूठ बेकेलाइटची असेल तर किती तापमान सोसते ते कंपनीच्या माहितीपत्रकात बघा, गरज पडली तर स्टीलची बसवा.

प्रमाण: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३३० ते ३४० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट १ ग्रॅम. परदेशी पाककृतींत पाणी ३७५ ग्रॅमपर्यंत असतं. ते जास्त ग्लुटेनच्या ब्रेड फ्लावरसाठी. आपल्या मैद्याला तेवढं पेलत नाही, पीठ पसरतं आणि गर चिकट होतो. रात्रभर १२ ते १८ तास ठेवायला सांगतात, पण पुण्याच्या एप्रिलमध्ये ७-८ तासांत पीठ फुगून आंबायला लागतं. दुप्पट झालं की घडी घालून गोळा करा आणि ४५ मिनिटं झाकून ठेवा.

भांडं रिकामं तापवणं इनॅमलला सोसेल अशी खात्री नसेल तर गोळा बेकिंग पेपरवर ठेवून गार भांड्यात सोडा आणि भांडं २३० अंशांवर तापलेल्या ओटीजीत ठेवा. झाकून ४५ मिनिटं, झाकण काढून १५. झाकणाखाली पिठातलीच वाफ कोंडते, त्यामुळे पाव फुलेपर्यंत कवच मऊ राहतं. झाकण काढल्यावर ते कुरकुरीत होतं. आतलं तापमान ९६ ते ९८ अंश आलं की पाव झाला.

गर ओलसर वाटण्याचं दुसरं कारण बऱ्याचदा सुरीची घाई असते. पाव भांड्यातून लगेच काढून जाळीवर ठेवा, भांड्यातच राहिला तर वाफेने बूड सादळतं. किमान दीड तास कापू नका. तोवर आतला स्टार्च घट्ट बसतो आणि काप सुरीला न चिकटता पडतात.